धिंगरीची खोली : नांदेड-लातूरच्या हवेत बंदिस्त लागवडीची आखणी आणि बांधणी

बंद खोलीत पीक घ्यायचे म्हणजे त्या पिकाला लागणारे तापमान, ओल, उजेड आणि ताजी हवा या चारही गोष्टी बांधकामातून आणि रोजच्या देखभालीतून पुरवायच्या. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत अशा खोलीत घेण्याजोगे सर्वांत सोयीचे पीक म्हणजे धिंगरी अळिंबी. तिला शेतजमीन लागत नाही, सूर्यप्रकाश जवळजवळ लागत नाही, आणि ती ज्याच्यावर वाढते ते काडीकुटार इथल्या प्रत्येक खळ्यावर पडलेले असते. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. धिंगरीला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, तर मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि हवेतली ओल दुपारी २० टक्क्यांपर्यंत उतरते. खोलीची सारी आखणी या दोन टोकांमधले अंतर भरून काढण्यासाठी असते, आणि हे अंतर शक्य तितके भिंत, छप्पर आणि वेळापत्रक यांच्या बळावर भरायचे, पाणी व वीज शेवटी वापरायची, असा या भागातला क्रम आहे. तो उलटा लावला की खोली फेब्रुवारीपर्यंत चालते आणि मार्चमध्ये बंद पडते.

बंदिस्त लागवड म्हटले की अलीकडे जांभळ्या दिव्यांखाली वाढणाऱ्या पालेभाज्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. या भागासाठी ते गणित तपासून पाहणे जरुरीचे आहे. सॅलडच्या पानांसारख्या पिकाला दिव्याच्या उजेडावर वाढवायचे तर एका चौरस मीटरला चांगल्या एलईडीचे सुमारे १०० वॅट लागतात आणि दिवे रोज सोळा तास चालवावे लागतात. म्हणजे चौरस मीटरला दिवसाला दीड युनिटाहून अधिक वीज, आणि त्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता खोलीतच राहते, ती बाहेर काढायला पुन्हा वीज. मराठवाड्यात त्याच एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज पाच ते सहा युनिट इतकी सूर्याची ऊर्जा फुकट पडत असते. पानांच्या पिकाला इथे शेडनेट पुरते. दिव्यांची खोली परवडते ती फक्त जिथे थोड्या जागेत फार मोलाची गोष्ट वाढते तिथे. केळीची ऊतीसंवर्धित रोपे हे त्याचे चांगले उदाहरण. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः अर्धापूरच्या परिसरात, केळीचे मोठे क्षेत्र आहे आणि नांदेड शहरात कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. ग्रँड नैन जातीची रोपे प्रयोगशाळेत ज्या खोलीत वाढतात तिथे तापमान २५ अंशांच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे राखतात आणि सोळा तास उजेड, आठ तास अंधार असा दिवस लावतात. काचेच्या एका बाटलीत पुढच्या अनेक खोडांचे मूळ असते, म्हणून हा खर्च निघतो.

दुष्काळात पुढे आलेली दुसरी बंदिस्त लागवड म्हणजे ट्रेमधला हिरवा चारा. मका भिजवून, मोड आणून, ट्रेमध्ये सात ते दहा दिवस पाण्याचे फवारे दिले की एक किलो दाण्यापासून सहा-आठ किलो हिरवा चारा मिळतो. वजनाची ही वाढ मुख्यतः पाण्याची असते. कोरडा अंश मूळच्या दाण्यापेक्षा किंचित कमीच भरतो, कारण उगवताना दाणा स्वतःतले पिष्ट वापरतो. दुभत्या जनावरांना ओल्या चाऱ्याची जोड म्हणून हा मार्ग उपयोगी आहे. कडब्याची जागा तो घेऊ शकत नाही. धिंगरीचे तसे नाही. जे भुसकट एरवी उकिरड्यावर जाते किंवा पेटवले जाते, त्याच्यातून ती माणसाचे अन्न काढते. वाढवायच्या खोलीसाठी खर्च करायचाच असेल तर या भागात तो धिंगरीसाठी करणे सर्वांत शहाणपणाचे.

लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीसाठी राज्यभर ओळखली जाते. मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या काड्या, गव्हाचा भुसा, नांदेडकडच्या कापसाची पऱ्हाटी आणि अर्धापूरकडची केळीची वाळलेली पाने या साऱ्यांवर धिंगरी येते. कठीण काड्या मात्र आधी बारीक कराव्या लागतात. सोयाबीनचे भुसकट यात उजवे ठरते, कारण त्यात नत्र अधिक असते. तोच त्याचा धोकाही आहे. नीट निर्जंतुक न केलेल्या सोयाबीनच्या भुसकटावर हिरवी बुरशी गव्हाच्या भुशापेक्षा लवकर धरते. म्हणून नवख्याने निम्मा गहू, निम्मे सोयाबीन अशी सुरुवात करणे बरे. पावसात भिजून काळे पडलेले भुसकट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

भारतात धिंगरीच्या लागवडीचा पाया म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत घातला गेला. तिथे बानो आणि श्रीवास्तव या संशोधकांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर ती वाढवण्याची पद्धत मांडली. पुढे हिमाचल प्रदेशातील सोलन हे देशातल्या अळिंबी संशोधनाचे मुख्य ठाणे झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे, तर मराठवाड्यासाठी परभणीचे कृषी विद्यापीठ जवळचे. १९७२ मध्ये स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आहे. स्पॉन, म्हणजे गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले अळिंबीचे बियाणे, खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावे लागते आणि उन्हाळ्यात ते आणण्याचा प्रवास रात्री करावा लागतो. बंद गाडीत दुपारी तापलेले स्पॉन वरून पांढरे दिसते, पण आतून मेलेले असते.

खोली कशासाठी बांधायची हे समजायला पिकाचे दोन टप्पे वेगळे पाहावे लागतात. भिजवून, निर्जंतुक करून, ओलावा साधारण ६५ टक्क्यांवर आणलेले भुसकट प्लास्टिकच्या पिशवीत थर देऊन भरतात आणि प्रत्येक थराच्या कडेने स्पॉन टाकतात. ओल्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्पॉन पुरते. या पिशवीला सगळेजण बेड म्हणतात. पहिले पंधरा ते वीस दिवस बेडमध्ये पांढरे तंतू पसरतात. या काळात उजेड नको, मोकळी हवा फारशी नको, तापमान २४ ते २८ अंश हवे. तंतू वाढताना स्वतःची उष्णता सोडतात, म्हणून बेडच्या पोटातले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असते. खोली ३० अंशांवर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्याचे बेड आत ३४ अंशांवर भाजत असतात, आणि बेड एकमेकांना चिकटवून रचले असतील तर त्याहूनही वर. बेड पूर्ण पांढरा झाला की पिशवी काढायची आणि दुसरा टप्पा सुरू होतो. आता सारे उलट होते. ओल ८५ टक्क्यांपर्यंत वाढवायची, ताजी हवा खेळवायची आणि दिवसातून आठ-दहा तास मंद उजेड द्यायचा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, आणखी तीन-चार दिवसांत छत्र्या तोडणीला येतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन तोडे मिळतात. एक किलो कोरड्या भुसकटापासून अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी हा या भागात धरून चालण्याजोगा हिशेब.

म्हणून एक मोठी खोली बांधण्यापेक्षा दोन लहान खोल्या बांधाव्यात, एक अंधारी आणि एक हवेशीर. दोन्ही टप्पे एकाच खोलीत उरकले की कुठलाच नीट होत नाही, आणि जुन्या बेडवरच्या माश्या नव्या बेडमध्ये अंडी घालतात.

आता हवामान. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. या उंचीमुळे लातूरचा मे महिना नांदेडपेक्षा दोन-तीन अंशांनी सौम्य असतो आणि रात्र लवकर निवते. नांदेडला पाऊस जास्त, गोदावरीचा आधार जास्त, पण उकाडाही जास्त. लातूरला हवा बरी, पण पाण्याची ओढ. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वेगाडी, जलदूत, दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. ज्या शहराला पिण्याचे पाणी तीन-साडेतीनशे किलोमीटरांवरून आणावे लागले, तिथे खोली गार ठेवायला किती पाणी लागेल हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवा.

दोन्ही शहरांचा अक्षांश १८ ते १९ अंशांच्या दरम्यान किंवा जरा वर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. सकाळी पूर्वेची भिंत, दुपारनंतर पश्चिमेची भिंत आणि दिवसभर छप्पर तापते. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून अरुंद बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला आणली की निम्मे काम झाले. पश्चिमेच्या भिंतीला गोठा, भुसकटाची खोली किंवा दाट झाड लाभले तर आणखी चांगले. मात्र गोठ्याकडून दार वा खिडकी ठेवू नये, माश्या तिकडूनच येतात.

जागा निवडताना मातीकडे लक्ष द्यावे. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरची भिंत दोन वर्षांत तडकते. राहत्या घराच्या भिंतीतली बारीक भेग चालवून घेता येते, पण या खोलीतल्या भेगेतून ओल बाहेर जाते आणि कीड आत येते. पाया मुरमापर्यंत न्यावा, नाहीतर खोली मुरमाड जागेवर बांधावी. तळघराचा विचार अनेकांना सुचतो. पॅरिसजवळच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत बटन अळिंबी वाढवली गेली ती तिथली जमीन बारा महिने थंड असते म्हणून. जमिनीच्या आत काही मीटर खोलीवरचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके असते. मराठवाड्यात ते २६-२७ अंशांच्या आसपास येते. छत्री धरायला १४ ते १८ अंश मागणाऱ्या बटन अळिंबीला इथले तळघर निरुपयोगी, पण धिंगरीच्या तंतूंना अगदी मानवणारे. जुन्या वाड्याचे कोरडे, पक्के तळघर हाती असेल तर अंधाऱ्या खोलीचा प्रश्न सुटला. काळ्या मातीत नवे तळघर खोदणे मात्र खर्चाचे आणि गळतीचे काम आहे.

भिंतींच्या बाबतीत या भागाला जुना आणि फार दुःखद अनुभव आहे. मराठवाड्यातली माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत आणि लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर यांतून दुपारचे ऊन आत यायला इतका वेळ लागे की तोवर बाहेर रात्र निवलेली असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे लोकांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. भिंतीचे बाहेरचे आणि आतले असे दोन पदर, मध्ये भर, दोन्ही पदर बांधून ठेवणारे आडवे दगड नाहीत, मातीचा सांधा, आणि वर कित्येक टन माती, अशी ती रचना होती. धक्क्याने पदर सुटले, छप्पर खाली आले. त्या आपत्तीनंतर लोकांचा दगडमातीवरचा विश्वास उडाला आणि पत्रा व काँक्रीट घरोघर आले. ते भूकंपात सुरक्षित, पण उन्हात तापणारे.

धिंगरीच्या खोलीला दोन्ही गुण हवेत. जाड भिंतीचा संथपणा ठेवायचा आणि माथ्यावरचे ओझे टाळायचे. नऊ इंची पक्की विटेची भिंत, जोत्याला आणि दारांच्या माथ्याला सळईसह काँक्रीटचा सलग पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या आणि वर हलके पण उष्णतारोधक छप्पर, ही या भागासाठी योग्य रचना. नऊ इंची भिंतीतून दुपारचे ऊन सहा-सात तासांनी आत पोहोचते, म्हणजे रात्री नऊ-दहाच्या सुमारास. त्यानंतर बाहेरची हवा निवत जाते आणि पहाटे खिडक्या उघडून ती उष्णता बाहेर काढता येते. पश्चिमेची भिंत दुहेरी करून मध्ये दोन इंच पोकळी ठेवली तर थोड्या खर्चात मोठा फरक पडतो. पडक्या माळवदाच्या घरात खोली थाटण्याचा मोह होईल, कारण ते खरोखर गार असते. छपराची माती उतरवून, भिंतीला आडवे बंध आणि पट्टा दिल्याशिवाय तिथे माणसांनी काम करू नये.

सर्वांत जास्त विचार छपराचा करावा लागतो. दहा फूट रुंद, वीस फूट लांब अशा खोलीवर उघडा पत्रा टाकला तर मेच्या दुपारी पत्र्याचे तापमान ६५ अंशांच्या घरात जाते आणि एकट्या छपरातून साधारण चार किलोवॅट उष्णता आत येते, म्हणजे दोन मोठ्या विजेच्या शेगड्या अखंड पेटत्या ठेवल्यासारखे. त्याच पत्र्याखाली दोन इंच थर्माकोल बसवून वरून चुन्याचा पांढरा हात दिला की हा आकडा दहाव्या भागाच्या आसपास उतरतो. पफ पॅनेल, म्हणजे मध्ये फोम भरलेले तयार पत्रे, वापरले तर काम नेटके होते, पण खर्च वाढतो. ज्याला तो झेपत नाही त्याने पत्र्यावर फूटभर उंचीचा मांडव उभारून त्यावर उसाचे पाचट अंथरावे. मांजरा काठच्या ऊसपट्ट्यात पाचटाला तोटा नाही. मांडव आणि पत्रा यांच्या मधून वारा वाहता राहिला पाहिजे. पाचट थेट पत्र्यावर दाबून टाकले तर ते भिजून कुजते आणि पत्रा गंजतो. आगीचा धोका ध्यानात घेऊन भुसकट उकळण्याची चूल या मांडवापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावी. थर्माकोल आतून उघडा ठेवू नये. त्यावर प्लास्टिकचा सलग कागद आणि सांध्यांना चिकटपट्टी हवी, नाहीतर आतली वाफ त्यात शिरून काही महिन्यांत तो ओला आणि निकामी होतो.

छप्पर आणि भिंती साधल्यावर पाण्याचा हिशेब मांडता येतो. कोरड्या हवेचा एक मोठा फायदा मराठवाड्याला आहे. ४० अंश तापमानाची आणि २० टक्के आर्द्रतेची हवा ओल्या वाळ्याच्या तट्ट्यातून ओढली तर ती २६-२७ अंशांपर्यंत उतरते. कोकणातल्या दमट हवेत हे कधीच साधणार नाही. घरोघरचा कुलर याच तत्त्वावर चालतो. पण पाणी किती? दहा बाय वीस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतली हवा हरितगृहासारखी मिनिटाला एकदा बदलायची ठरवली तर ताशी सुमारे वीस लिटर पाण्याची वाफ होते. दुपारचे आठ तास धरले तर दीडशे लिटरांहून अधिक, एका खोलीला, एका दिवसात. तीच खोली उष्णतारोधक असेल तर हवा तासाला चार-पाच वेळा बदलली तरी पिकाचे भागते, आणि आत येणारी हवा गार करायला ताशी दोन लिटरही लागत नाहीत. छपरावर केलेल्या खर्चाचा परतावा असा टँकरच्या पैशांत मिळतो. याखेरीज एका फेरीसाठी दोनशे किलो भुसकट ओले करायला चारशे लिटर पाणी भुसकट स्वतः पिते आणि भिजवणीच्या टाकीत त्याच्या दुपटीहून अधिक ठेवावे लागते. भिजवणीचे पाणी गाळून पुन्हा वापरू नये, ते आंबते. औषधी प्रक्रिया केली नसेल तर ते झाडांना घालता येते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर वाळ्यावर आणि फॉगरच्या, म्हणजे धुक्यासारखे पाणी फवारणाऱ्या नळीच्या, तोंडावर पांढरा थर जमतो. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी हौदात धरून ते फॉगरसाठी राखून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

हवा बदलण्याची वेळ हाही बांधणीचाच भाग आहे. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत खोली पहाटे तीन-चारपासून सकाळी आठपर्यंत मोकळी करायची आणि नंतर बंद ठेवायची. दुपारी फक्त थोडी, ओल्या तट्ट्यातून येणारी हवा. त्यासाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर एका बाजूला झरोके आणि समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट फॅन असा मार्ग ठेवतात. सर्व झरोक्यांना बारीक जाळी हवी. साधी मच्छरदाणी अळिंबीच्या माशीला अडवत नाही, चाळीस मेशची जाळी लागते. दार दुहेरी असावे, दोहोंमध्ये माणूस उभा राहील इतकी जागा आणि पायाखाली जंतुनाशकात भिजवलेले गोणपाट.

हवा पुरेशी मिळते की नाही हे सांगायला महागडे यंत्र लागत नाही, छत्री स्वतः सांगते. कोंदट खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला की देठ लांब, बारीक होतात आणि छत्री बटणाएवढीच राहते. ओल कमी पडली की छत्रीची कड पिवळसर होऊन चिरते. पाणी थेट छत्रीवर साचले तर तपकिरी, बुळबुळीत डाग पडतात. उजेड फारच कमी असेल तर करड्या जातीची छत्री फिकट येते आणि देठ एका बाजूला वाकतात. रोज सकाळी दिवा घेऊन दहा बेड जवळून पाहणारा माणूस खोलीत काय चुकले ते आर्द्रतामापकाच्या आधी ओळखतो. आर्द्रतामापक तरीही हवाच, दोन असावेत, एक दाराजवळ आणि एक सर्वांत वरच्या बेडच्या उंचीवर, कारण या दोन जागांच्या तापमानात तीन-चार अंशांचा, आणि त्यामुळे ओलीतही, फरक सहज पडतो.

उजेडाचे काम सोपे. दोनशे लक्सच्या आसपास, म्हणजे खोलीत वर्तमानपत्र वाचता यावे इतका उजेड पुरतो. दहा बाय वीसच्या खोलीला एलईडीच्या दोन-तीन ट्यूब पुष्कळ झाल्या. त्या पाणी न शिरणाऱ्या असाव्यात. ८५ टक्के ओल असलेल्या खोलीत विजेचे काम हलगर्जीपणे करणे म्हणजे जिवाशी खेळ. स्विच आणि बोर्ड बाहेर, वायर पाइपमधून, अर्थिंग पक्के आणि मुख्य जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, यांत काटकसर नको. वीज चार-सहा तास गेली तरी पीक तगले पाहिजे, हे उद्दिष्ट धरून आखलेली खोली खेड्यात टिकते. भिंती आणि छप्पर नीट असतील तर तेवढ्या वेळात आतले तापमान फार चढत नाही. फक्त फॅनच्या भरवशावर उभी असलेली पत्र्याची खोली तासाभरात हाताबाहेर जाते.

आत मांडणीला लाकूड वापरू नये, त्याला बुरशी धरते. बांबूही एका हंगामापुरता. रंग दिलेले लोखंडी अँगल किंवा छतापासून सोडलेल्या नायलॉनच्या दोऱ्या बऱ्या. एका दोरीवर एकाखाली एक चार बेड टांगले आणि मध्ये चालायला वाट सोडली तर या आकाराच्या खोलीत दीड-दोनशे बेड राहतात. दोरीचे ओझे पत्र्याच्या कैचीवर टाकू नये, त्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत वेगळे पाइप टाकावेत. भिजलेला बेड तीन किलोंचा असतो, दोनशे बेड म्हणजे सहाशे किलो. जमीन घोटीव सिमेंटची, दाराच्या विरुद्ध बाजूला किंचित उतार दिलेली. उन्हाळ्यात कडेने विटा आणि वाळूचा पट्टा ओला ठेवला की ओल सावकाश मिळत राहते.

खोल्यांचा क्रमही ठरलेला असावा. भुसकटाचा साठा, भिजवण्याची टाकी, निर्जंतुक करण्याची जागा, बेड भरण्याची खोली, अंधारी खोली, काढणीची खोली, आणि सर्वांत शेवटी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वापरून झालेल्या बेडचा खड्डा. स्वच्छ माल पुढे जातो तो मागे येऊ नये. भुसकट ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणे ही निर्जंतुकीकरणाची सरळ पद्धत आहे. कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिन घातलेल्या थंड पाण्यात रात्रभर बुडवण्याची पद्धत इंधन वाचवते, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि छातीला घातक असते, म्हणून ती बंद खोलीत कधीच करू नये. काढणी करणाऱ्यांच्या आरोग्याचा आणखी एक मुद्दा सहसा राहून जातो. पिकलेल्या धिंगरीतून बीजाणूंचा पांढरा धुरळा उडतो, आणि रोज तो श्वासातून आत गेला तर खोकला, ताप, दम्यासारखा त्रास सुरू होतो. हे काम बहुधा घरातल्या स्त्रिया आणि बचत गट करतात. छत्रीची कड वर वळायच्या आधी तोडणी, तोंडाला मास्क आणि आत जाण्याआधी दहा मिनिटे फॅन, या तीन गोष्टी खोलीच्या नियमांत लिहून लावाव्यात.

माल ठेवण्याची सोय खोलीबरोबरच व्हायला हवी. ताजी धिंगरी उन्हाळ्यात फ्रिजबाहेर दिवसभरही नीट राहत नाही. न विकलेला माल त्याच दिवशी वाळवावा लागतो आणि वाळल्यावर साधारण दहावा भाग उरतो. जी कोरडी हवा खोलीत शत्रू असते ती इथे मदतीला येते. जाळीच्या ट्रेवर, स्वच्छ कापडाखाली किंवा साध्या सौर वाळवणीयंत्रात माल लवकर कडकडीत होतो. पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून त्या महिन्यांत जेवढे विकेल तेवढेच बेड भरावेत.

वर्षाची आखणी अशी बसते. ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत करड्या आणि पांढऱ्या धिंगरीचा खरा हंगाम. नांदेडला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा झरोके झाकून खोली उबदार ठेवावी लागते. मार्चपासून गुलाबी धिंगरी घ्यावी, ती उष्णता अधिक सोसते. एप्रिल-मेमध्ये खोली तीसच्या खाली ठेवणे परवडत नसेल तर दुधी अळिंबीकडे वळावे. तिला ३० ते ३५ अंश मानवतात, मात्र बेडवर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो आणि पीक धिंगरीपेक्षा सावकाश येते. मृगाच्या पावसानंतर हवा आपोआप ओली होते, पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो, पण हिरवी बुरशी आणि माश्या या दिवसांत सर्वांत जोरात असतात. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्याने एप्रिल-मेमध्ये खोली रिकामी ठेवावी, आतले सारे बेड खड्ड्यात टाकून गांडूळखताला लावावेत, भिंतींना चुना द्यावा, जाळ्या आणि दारांच्या फटी दुरुस्त कराव्यात, छपरावरचे पाचट बदलावे आणि दोन आठवडे झरोके उघडून कोरडे ऊन-वारे आत फिरू द्यावे. माश्यांची साखळी तोडायला मराठवाड्याचा मे महिना पुरेसा असतो, आणि पहिल्या पावसानंतर भरलेले बेड त्या स्वच्छ खोलीत सर्वांत कमी रोगाने निघतात.